सही

नकाशावर त्या जागी अजूनही नुसतं गवत दाखवतात.
एकतीस वर्षं मी याच दरीत भूगोल शिकवला.
नदी डोंगरात उगम पावते, मुलांनो, आणि समुद्राला मिळते.
मधला अर्धा मैल,
जिथे तिला काँक्रीटच्या नळीत घालून
कारखान्याखालून नेली,
तो मी फळ्यावर एका सरळ रेघेत उरकत असे.
खडू माझाच होता.

कागद खुले झाले तेव्हा
खोक्यांतून आधी निघाली ती बिलं.
रबरी हातमोजे, चार हजार जोड.
ब्लीच पावडर, टनांच्या हिशेबात.
दूध, माणशी रोज एक पाइंट, फुकट.
(दुधाबद्दल दरीत सगळे बोलतात.
दूध कशावर उतारा होतं
ते विचारलं, की हवामानाकडे वळतात.)

मोहरीचा वायू म्हणत त्याला.
त्यात मोहरीचा दाणाही नव्हता.
डोंगर पोखरून बोगद्यांत तो भरून ठेवला,
आणि शेवटी वापरलाच नाही.
ही ओळ मी नोंदीत तीनदा लिहिली, तीनदा खोडली.
वापरला नाही म्हणावं,
तर खोकत गेलेल्या पोरींना कुठल्या रकान्यात बसवू?

ग्वेनलियन प्रिचर्ड, वय अठ्ठ्याण्णव.
वृद्धाश्रमातल्या खिडकीशी, मांडीवर शाल.
मी ध्वनिमुद्रक ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली,
दारात परकं कुत्रं येऊन बसावं तसं.
"सही केलीय मी," म्हणाली.
मी म्हटलं, ते बंधन कधीच उठलं.
"मला कुणी कळवलं नाही."

सगळ्या दरीची अशी अळीमिळी गुपचिळी.
खेळ संपल्याचं सांगायला
कुणी परत आलंच नाही.

मग मी पगारपत्रकाची प्रत काढली.
काढू नये असं रात्रभर वाटत होतं.
ओळ चौदा: ती. दिवसपाळी, भरणी विभाग.
ओळ एकतीस: इडवल प्रिचर्ड. रातपाळी, तोच बोगदा.
तिने बोट ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं.

"हा तर खाणीत होता," म्हणाली. "पाटीच्या दगडाच्या."

तिच्या दाराबाहेर चहाची गाडी खडखडत गेली.
बऱ्याच वेळाने,
माझ्याशी नव्हे, शालीशी बोलल्यासारखं:
"लग्न झालं त्या हिवाळ्यात
उशीला लसणासारखा वास यायचा.
मला वाटे, माझाच.
त्याला कळू नये म्हणून मी अभ्रे धुवायचे,
रोज, त्या गारठ्यात, बोटं फुटेपर्यंत.
आणि कामावरून परत यावं
तर दोरीवर आणखी दोन वाळत असायचे.
म्हणायचे, किती गुणाचा नवरा."

ती हसली. हसता हसता खोकला आला,
तो बराच वेळ राहिला.
छत्तीस वर्षं संसार. एक गादी, दोन गुपितं,
आणि दोन्हींचा वास एकच.

हे नोंदीत घालू का, मी विचारलं.
सगळ्यांना वाचता येईल, पोरासोरांनाही.
तुमचं नाव, त्यांचं नाव, एकाच पानावर.
"अभ्रेही?"
तुम्ही म्हणाल तर.

संमतीपत्र पुढे केलं. पेन उघडून दिलं.
तिने पेन बाजूला ठेवलं, चष्मा मागितला.

"तेव्हाचा कागद इंग्रजीत होता, मिस.
मी एकोणीस वर्षांची. मागे रांग उभी.
साहेबाचं बोट जिथे, तिथे नाव लिहिलं.
हा वेल्शमध्ये आहे ना?
मग थांबा.
या वेळी वाचते आधी."

आणि ती वाचू लागली, ओठ हलवत,
पहिल्या ओळीपासून,
अगदी छापखान्याच्या पत्त्यासकट.