पाण्याचा वार, अम्मान

आमच्या गल्लीत पाणी मंगळवारी येतं.
गच्चीवरच्या टाकीला बोटानं टिचकी मारून
नुझहा उरलेला आठवडा ओळखते.

दुकानात अताल्ला दोन बटणं दाबून दाखवतो:
हे तीन लिटर, हे सहा.
"आणि आमचं जुनं?"
"तेरा," तो हळूच म्हणतो,
कुणाच्या घरातलं वाईट सांगावं तसं.

ती भांड्याचा उतार बघते, वाकून,
चारचौघांत विचारते,
एका दमात जातं ना सगळं?
दोनदा सोडावं लागलं तर बचत कसली!

जुनी टाकी उचकटताना
प्लंबरच्या हाती लागते
शुक्रीनं आत बुडवून ठेवलेली बाटली,
दर खेपेला दीड लिटर राखणारी.
तो जाऊन सात वर्षं झाली.
बूच अजून घट्ट.

नुझहा ती उघडत नाही.

मग उघडते,
पुदिन्याला घालते.