लांब पिन

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, माशांना खाद्य सोडणाऱ्या पंपाशेजारी
एक राखाडी पेटी आहे, माझ्या छातीइतकी उंच.
आत चारशे व्होल्ट.
बाहेर समुद्र.
मध्ये दोन मिलिमीटर पत्रा
आणि त्या पत्र्याला आम्हीच पाडलेलं भोक.

दान्याल म्हणतो, भिंत उभी करणं सोपं,
भोक पाडणं त्याहून सोपं.
भोक पाडूनही भिंत भिंतच राहिली पाहिजे,
त्याचे पैसे मिळतात आपल्याला.
तेही वेळेवर नाही.

मार्चमध्ये पंप दर गुरुवारी बंद पडू लागला.
फक्त गुरुवारीच.
कचेरीत वही काढून बघितलं, गुरुवारी पाळी एलिआसची.
एलिआस नवा, पलीकडच्या बेटावरचा,
जेवताना कुणाशी बोलत नाही.
कुठेतरी पाणी मुरतंय, सगळे म्हणाले,
भुवया उंचावून.

मुरतच होतं.
दान्यालने मेन पाडली, कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात,
आणि पेटीच्या अंगातला जुना सॉकेट उघडला.
अर्धा चमचा पाणी निघालं.
तांब्यावर शेवाळासारखा हिरवा थर.
त्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"खारं."
गुरुवारी धक्का धुतात. समुद्राच्याच पाण्याने, मोठ्या पाइपाने.
एलिआसची माफी कुणी मागितली नाही.
त्याला कॉफी मात्र दोनदा विचारली.

नवा सॉकेट मी बसवला.
दान्याल उपड्या क्रेटवर बसून बघत होता,
म्हणजे डोळे मिटून ऐकत होता.
"कानस थांबली का? कड अजून बोचते."
बोचत होती.
"ती धार रबर कापते, मार्यून. आज नाही. दोन हिवाळ्यांनी,
तू दुसरीकडे नोकरीला असशील तेव्हा."
रबरी कडी बाहेरच्या अंगाला.
नट आतून, हाताने फिरेल तितका,
मग पान्याने अर्धा फेरा.
मी पाऊण दिला. त्याने डोळे न उघडता सांगितलं,
"पाव परत घे."

मग तारा. तपकिरी, काळी, करडी, निळी.
पण सगळ्यांच्या आधी हिरवी-पिवळी,
तीही बोटभर जास्त लांब ठेवून,
कुणी केबल ओढलीच तर ती शेवटी तुटावी.
प्लगमध्ये पाच पिना. एक इतरांपेक्षा लांब.
का, ते मला पुस्तकातून माहीत होतं.
तरी विचारलं.

"ती सगळ्यांत आधी भेटते," तो म्हणाला.
"आणि जाताना सगळ्यांत शेवटी सोडते."
आणि मग उगाचच रुमाल शोधू लागला.

साकारिसबद्दल मला आईने सांगितलंय.
दान्यालचा धाकटा भाऊ. बोट, ओली डेक, घाईत जोडलेली केबल,
बसत नाही म्हणून कुणीतरी छाटलेली लांब पिन.
कुणीतरी म्हणजे कोण,
तिथे आई थांबते आणि बटाटे सोलायला घेते.

गुरुवारी एलिआस पाइप घेऊन आला.
दान्यालने तो त्याच्या हातून मागून घेतला
आणि पेटीसमोर उभा राहिला,
तोंड थेट नव्या सॉकेटवर धरून,
दहा मिनिटं.
पाणी उडून त्याच्याच चष्म्यावर येत होतं.
पंप चालू होता. पाण्यातले मासे खात होते,
त्यांना काय पडलंय.

नंतर मेन पाडून, कुलूप, किल्ली, सगळं पुन्हा,
मी उघडलं.
त्याने वर्तमानपत्राचा कपटा आत फिरवला,
उजेडात धरला. कोरडा.
एलिआसला दाखवला, जणू त्याची सही हवी होती.
एलिआस म्हणाला, "ठीक आहे."
त्या महिन्यात मी ऐकलेलं त्याचं पहिलं वाक्य.

कपटा दान्यालने चार घड्या घालून
खिशात ठेवला, किल्लीशेजारी.