मापाच्या वहीचं शेवटचं पान

मागच्या खोलीतला उजेड
पोळ्यापासून फडफडत होता.
ब्लाउजला हूक लावताना
सुई दिसायची, सुईचं भोक दिसायचं नाही.

नवरा म्हणाला, बल्ब बदल.
आर्वीहून आणला, बदलला. मग होल्डर बदलला.
मग म्हणाला, तुह्या इस्त्रीनंच होते हे,
बिलबी तेच खाते.
बिल खरंच जास्त यायचं,
आज नाही, कित्येक वर्षं.
जाऊ म्हणाली, अवसेच्या आसपासच होते वाट्टे,
आणि लिंबू आणून ठेवलं दारात.

म्हणून मी लिहायला लागले,
मापाच्या वहीत, शेवटच्या पानावर,
उधारीच्या खाली:

सोमवार, सव्वासात. मशीन बंद, इस्त्री बंद, तरी फडफड.
मंगळवार, नाही.
बुधवार, वारा. दोनदा. समोरच्या खोलीत काहीच नाही.
शुक्रवार, वांदरं टिनावरून गेली, सात-आठ,
शेवटच्या पिल्लानं उडी मारली
अन् अंधार. अन् परत उजेड.
बाही साडेसहा.
(हे कोणाचं तरी माप, घाईत इथं पडलं.)

अवस येऊन गेली.
त्या रात्री दिवा शहाण्यासारखा जळला.

रविवारी मी लाकडी पट्टीनं भिंत ठोकत गेले
बोर्डापासून वर, आढ्याकडे,
टरबूज ठोकून बघतात तशी.
खिडकीच्या वर, ओलीचा डाग आहे तिथं, ठोकलं
तर बल्बनं डोळा मारला.
पुन्हा ठोकलं.
पुन्हा मारला.
सापडला रे, मी म्हणाले, एकटीच, मोठ्यानं.

मेंढ्यांची प्राजू आयटीआय झालेली वायरमन.
तिला गावात कोणी शिडी देत नाही,
ती स्वतःचीच घेऊन फिरते, सायकलला बांधून.
मेन पाडून ती बाहेरून चढली,
पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारून,
वळचणीखाली हात घातला.
"मावशी, जॉइंट हाये. नुसता पियलेला.
वरून खताच्या पोत्याची पट्टी. जयून कोयसा झाला."
मग बराच वेळ काही बोलली नाही.
"मावशी."
"काय वं?"
"इथून दुसरा वायर निंगते. भितीपल्याड जाते.
कापू?"

भिंतीपल्याड गिरजाबाई.
उकंडराव जाऊन चार वर्षं झाली.
मोटारी भरायचा तो, हाताला कसब होतं,
आमच्या घराचं फिटिंग त्यानंच केलेलं.
मजुरी घेतली नव्हती.
त्याच्या बायकोला मी मोरपंखी ब्लाउजपीस दिला होता
आणि पुढं आठवडाभर
गल्लीत त्याच्या चांगुलपणाची आरती ओवाळली होती.

प्राजू शिडीवर, पक्कड उघडी.
आधी मला हसू आलं, मग राग,
मग इस्त्रीची दया.
खाली गिरजाबाई तुरीची डाळ निवडत बसलेली,
सूप पार नाकाशी धरून.

"मावशी, हात भरून आला माहा."
"दोन्ही जोड," मी म्हणाले. "टेप चांगली लाव."
तिनं वरून एकदा पाहिलं.
साठ रुपये म्हणाली. शंभराची नोट दिली,
तर चाळीस मोजून परत केले.

संध्याकाळी वारा होता. वांदरंही आली.
दिवा जागचा हलला नाही.
साडेआठला भिंतीवरून हाक आली:
"वच्छले, दवाखान्यातले थेंब लागू पडले वं मले!
तीन महिने झाले, दिवा लागला का नुसतं लुकलुक दिसे,
वाटे मोतीबिंदू पिकला.
आज पाय, भितीवरची पाल बी दिसली."

"थेंब सोडू नको," मी म्हणाले.

आत येऊन वहीत लिहिलं:
रविवार. जॉइंट. साठ रुपये.
खाली थोडी जागा उरली होती,
तिथं बिलाचा हिशेब मांडावा, किती वर्षं, किती युनिट,
म्हणून पेन टेकवलं
आणि आठवलं,
बाही साडेसहा,
ते गिरजाबाईचंच माप.