डावं दार

डब्यावर लिहिलंय : सात दिवसांच्या आत पुढचा थर द्या.
इपॉक्सी मारलं ऑक्टोबरात,
आज एप्रिलची अकरा तारीख.
मध्ये ईसाल्मीचा अख्खा हिवाळा गेला,
गॅरेजच्या कुलपात किल्ली फिरायची नाही इतका,
आणि माझे पैसेही संपले होते, तेही सांगून टाकते.

साब उभीच होती. राखाडी, गुळगुळीत,
काचा नाहीत, दिवे नाहीत,
आंघोळ घालून कपडे चढवायला विसरलेल्या पोरासारखी.
म्हटलं, स्वच्छ तर आहे,
मारावा सरळ रंग.

आउलिस उपड्या डब्यावर बसलेला.
"मार की. पालथ्या घड्यावर पाणी.
जूनमध्ये पापुद्रे निघतील,
बस मग नखाने सोलत."
पहिला आठवडाभर ते आतून कच्चं असतं,
वर येईल त्याला आपल्यात घेतं.
मग मिटतं.
मिटल्यावर, ओरखडल्याशिवाय काहीही धरून ठेवत नाही.
हे तो प्राइमरबद्दल बोलत होता.
तो फक्त प्राइमरबद्दलच बोलतो.

"आधी पूस, मग घास, मग परत पूस.
आधी घासलंस, केर्तू,
तर हिवाळ्याचं सगळं तेल ओरखड्यांत भरशील."
एक फडकं ओलं, एक कोरडं,
ओलं सुकायच्या आत कोरडं.
मग काळी भुकटी, सगळ्या अंगभर.
मग चारशे नंबरचा कागद, रबरी ठोकळ्यावर.
बोटांनी नाही. बोटं दाबतात
आणि जिथे दाबतात तिथे चर पाडतात.

त्याची स्वतःची बोटं पांढरी पडलीत.
एकतीस वर्षं हवेवरचा सँडर धरला,
आता थंडीत ती मेणबत्त्यांसारखी दिसतात.
कॉफी गरम आहे की नाही
हे त्याला ओठांनी कळतं.

टप झाला. बॉनेट झालं.
उजव्या मडगार्डच्या कडेला पत्रा चमकला,
मी जीभ चावली.
"कडा अशाच असतात. तिथे परत थोडं प्राइमर."
छपरावरून बर्फाचा एक लांबडा सुळा सुटला,
बाहेर बादलीवर आपटला.
दोघंही दचकलो नाही.

डाव्या दारावर, हँडलच्या खाली,
काळं जाईना.
भोवती सगळं राखाडी, एकसारखं मंद,
आणि मधे तेवढंच, तळहाताएवढं,
नकाशातल्या तळ्यासारखं.
पातळ हातमोजा चढवून हात फिरवला,
त्यानेच शिकवलेलं :
उघड्या हातापेक्षा झाकलेल्याला जास्त ऐकू येतं.
एक उतार, फार सावकाश.
मग परत चढ.

या दाराची पुट्टी त्याची होती.
ऑक्टोबरात अख्खा दिवस घासत होता,
शीळ घालत.

माझ्या खिशात करडी घासणी होती.
ती खोलगटातही पोचते.
दोन हात मारले असते की काळं गेलं असतं,
खड्डा राहिला असता रंगाखाली,
दिसलाच तर संध्याकाळी, उजेड तिरपा झाल्यावर,
आणि संध्याकाळी आउलिस इथे कशाला येतोय.
मी खिशात हात घातला.

"पुसू नकोस."

डोळे त्याचे अजून शाबूत आहेत.
उठला. गुडघे वाजले. कप खाली ठेवला.
दाराशी वाकला
आणि बोटं नाही, गाल टेकवला.
दोन दिवसांची दाढी असलेला गाल
हळूहळू सरकत गेला पत्र्यावरून, त्या तळ्यात,
आणि पलीकडे निघाला, काळा होऊन.

"हं," म्हणाला.
मग बराच वेळाने, "ऑक्टोबर."

मी फळीवरून पुट्टीचा डबा काढला.
झाकण उचकटलं.
विचारलं, हार्डनर किती घालू?
मला माहीत होतं.
तो गाल न पुसताच डब्यावर बसला
आणि किती ते सांगू लागला,
नीट, पहिल्यापासून.