कूपन कापलेलं पान

इसा टाउनच्या जुन्या बाजारात
गंजके पंखे आणि एका पायाच्या बाहुल्या यांच्यामध्ये बसून
हाजी मन्सूर किलोवर अमेरिका विकतो.
साल छप्पन्न, साल अठ्ठावन.
दिनारला अडीच किलो, वर सुतळी फुकट.

सलमाबादच्या खोलीत चार खाटा,
माझ्या खाटेखाली अठ्ठ्याण्णव अंक.
थंकप्पन विचारतो, यात वाचतोस तरी काय?
वाचत नाही रे बाबा.
मी फ्रिज बघतो.
बावीस वर्षं कॉम्प्रेसर उघडतोय, असा पाहिला नाही –
फिका गुलाबी, दार सताड,
आत अख्खी टर्की, जेलीचा थरथरता बुरूज,
आणि एप्रनवाली बाई अशी नटून उभी
की आज फ्रिजचंच बारसं.
मोटारींना मागे माशाचे पर.
नवरा पाइप ओढत गवत कापतो,
कपाळावर घामाचा थेंब नाही.
फरशी लखलखते,
झाडू मात्र कुठल्याच पानावर नाही.

"झाडू माझ्या बापाच्या हातात होता," मन्सूर म्हणतो.
"अवालीत, तेल कंपनीच्या बंगल्यांत.
हे सगळं त्यानंच कचऱ्यातून उचललं."

एका अंकावर पत्त्याची चिठ्ठी, टाइप केलेली:
मिसेस लोरेन हॅस्केट, अवाली.
पान एकेचाळीसला चौकोनी भोक,
कात्री अगदी तुटक रेषेवरून गेलेली.
वर मजकूर उरलाय: दहा सेंट पाठवा, गुलाबाची कलमं घरपोच.
समासात पेन्सिलीनं, बारीक –
११४. खाली ११६. मग ११३.
किती दिवस मी तो वाण्याचा हिशेब समजत होतो.
जुलैचा अंक. तापमान.

म्हणजे बाई, तूसुद्धा
बोटीनं दोन महिने उशिरा आलेल्या या पानांत
घर बघत बसायचीस.
खरं सांग,
तुझ्या तरी घरी होता का गं असला गुलाबी फ्रिज?

मन्सूरला विचारलं, गुलाब आले का?
तो हसला.
बाप सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचा.
काटे आले म्हणे. चांगले दणकट.

रात्री गुहागरहून कुमुदिनीचा फोन.
मी पाठवलेले फोटो तिनं आळीभर फिरवलेत:
मॉल, कारंजं, कंपनीच्या गाडीला टेकून मी.
"तिथे घाम कसा येत नाही हो तुम्हाला?"
"एसी असतो," मी म्हणतो.
ते दुरुस्त कोण करतं, हे ती विचारत नाही.

मांडीवर पान एकेचाळीस.
भोकातून पुढच्या पानाचा तुकडा दिसतो –
कुणाची तरी बाही, आणि उंचावलेला हात.
बोलावतोय की निरोप देतोय,
पान उलटलं की कळेल.
अजून उलटलेलं नाही.