साभार परत

वॉर्ड ऑफिसात माझं टेबल आवक-जावकचं.
गढूळ पाणी, उंदीर, पडलेली फांदी,
ज्याला त्याला मी नंबर देते,
शिक्का आधी जांभळ्या पॅडवर, मग कागदावर.
म्हणून पहिली कादंबरी परत आली तेव्हा
हात सवयीनेच वहीकडे गेला.
ऑफिसच्या नव्हे, घरच्या, दुधाच्या हिशेबाच्या.
आवक क्रमांक एक.
विषय : प्रेम.
शेरा : साभार परत.

दाभाडकरांची चिठ्ठी छापील होती,
नाव तेवढं शाईने. विशाखा चुरीचा
श्री. विशाल चुरी केलेला.
घडी घालायला गेले तर
घडी त्यांनी आधीच पाडून ठेवलेली.

दुसऱ्याने सविस्तर लिहिलं. ते जास्त लागलं.
नायिका सत्तेचाळीसची, चष्म्याची,
नायक लिफ्ट दुरुस्त करणारा!
वाचक स्वप्न विकत घेतो, बाई.
वय निम्मं करता आलं तर बघा.

बघितलं. रविवारी दुपारी, माहीमच्या घरी,
भिजवलेले वाल सोलता सोलता
तिला चोवीसची केली.
लगेच ती हसायला लागली, कशालाही.
लिफ्ट अडकली तर किंचाळली
आणि दार उघडताच त्याला बिलगली.

माझी बाई अशी नव्हती हो.
ती अडकलेल्या लिफ्टमध्ये पर्स धरून उभी राहते
आणि वर, अंधारात, दोरांमध्ये खुडबुडणाऱ्या माणसाला
विचारते, तुम्ही जेवलात का?
थोडा वेळ नुसता पान्याचा आवाज.
मग तो म्हणतो, नाही अजून.
एवढंच. एवढ्यासाठी तर दोनशे दहा पानं.

मी तिचं वय तिला परत केलं.
साभार.

तिसरी प्रत आली, चौथी आली.
पाचव्याने कागदच पाठवले नाहीत,
म्हणाला, जागा नव्हती, रद्दीत गेले असतील.
वहीत पाचची ओळ मी रिकामी सोडली.
पुढे कित्येक दिवस
शेंगदाण्याची पुडी संपली की उलगडून बघायचे,
माझं अक्षर आहे का.

रडले का? रडले.
आमच्याकडे पाणी पाऊण तास येतं. तेवढा वेळ,
बादल्यांच्या आवाजात.

मोरेश्वरने सगळं वाचलं, एकदाच, लाल पेन घेऊन.
प्रेमाबद्दल चकार शब्द नाही.
पान ८८ : ही बस गोखले रोडवरून जात नाही.
पान १४० : एवढ्या रात्री फुलवाला उघडा नसतो.
मी चिडले. दोन दिवस बोलले नाही.
मग बस बदलली, फुलवाला मिटवला.
टपालाचे पैसे मी साखरेच्या डब्यामागे ठेवायचे.
ते कधी संपलेच नाहीत,
हे लक्षात यायला मला वर्ष लागलं.

सहाव्या जागी, ठाकुरद्वारला, जिन्याखालच्या ऑफिसात
ओवळेकर बाईंनी चहात बिस्किट बुडवत विचारलं,
शेवटी ती त्याला डबा देते ना?
देते म्हटलं.
मग छापू. तीनशे प्रती. मानधनाचं विचारू नका.
बिस्किट तोवर कपात पडलं होतं.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर
केस उडवत उभी होती
चोवीसचीच.

सहा महिन्यांनी वाचनालयातून
माझंच पुस्तक मी घरी आणलं, ओळख न देता.
लिफ्टच्या पानावर समासात पेन्सिलीने कुणीतरी :
असं कुठे असतं!
खाली निळ्या शाईत, वेगळ्या, थरथरत्या अक्षरात :
असतं.
तारीख नव्हती. सही नव्हती.
आवक म्हणायचं की जावक, मला ठरवता येईना.

काल दुसरी कादंबरी परत आली.
आवक क्रमांक सहा.
मोरेश्वर चपला काढता काढता पाकिटाकडे बघत म्हणाला,
या वेळी बस बरोबर होती ना?
म्हटलं,
या वेळी ती चालत जाते.