मोरीचं पाणी

माघ सरला की गवत पिवळं पडतं, मग पांढरं,
मग त्याचा आवाज बदलतो.
रात्री पाऊल वाजलं की कळतं,
कुत्र्याचं, बिबट्याचं,
की उशिरा परतलेल्या जेठ्याचं.
त्या दिवसापासून चुलीवर राख दाट ओढायची
आणि पिशवी खुंटीला.

पिशवीत रेशनकार्ड, जयवंतीचा जन्मदाखला,
वनखात्याच्या नोटिशीची झेरॉक्स,
आणि सासऱ्यांच्या नावाची एक जुनी पावती.
कशाची ते आता वाचता येत नाही,
म्हणून तीच सगळ्यात जपून.

डांबरी रस्ता पंपापाशी दमतो.
पुढं ओढा, दगड, चढ.
सिलिंडर खांद्यावरून, बाळंतीण खुर्चीत बसवून.
पत्त्यात मात्र लिहायचं मुंबई.

पलीकडच्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर
मी भांडी घासते.
तिथल्या खिडकीतून आमचा पाडा शोधावा लागतो.
निळी ताडपत्री दिसली
की मगच घासणीला हात लावते.

होळीला चार दिवस होते.
आग आधी कानाला येते,
कुणी वर्तमानपत्रं चुरगाळत बसलंय असं वाटलं.
मग कोंबड्या.
मग नवश्याकाकाची हाक,
"तो उतरतोय रे, टेंबीवरनं!"
रात्री वणव्याचं नाव घेत नाहीत आमच्यात.
तो म्हणतात.

दिनकर जांभळीच्या ओल्या डहाळ्या मोडत
गड्यांबरोबर वर पळाला.
मी शेळी सोडली, जयवंतीचं मनगट धरलं,
खुंटीवरची पिशवी ओढली
आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात जाऊन बसले,
सगळ्या बायका बसल्या होत्या तिथं.
दगड दिवसभराचे तापलेले होते अजून.

समोर टॉवरच्या खिडक्यांत
बारीक पांढरे ठिपके लागत गेले.
"आई, ते आपल्याला बॅटरी दाखवतायत?"
"फोटो काढतायत."
जयवंतीनं हात हलवला.

पंपापाशी बंबाची घंटा वाजत राहिली,
वाजत राहिली, तिथंच.

उजाडता उजाडता दिनकर आला.
भुवया नव्हत्या.
पाणी मागितलं, बसला, म्हणाला, कागद दाखव.
मी पिशवी उघडली.
आत त्याचाच कालचा डबा,
चुन्याची डबी, एक चमचा,
फडक्यात अर्धी भाकरी.
एकाच खुंटीला दोन पिशव्या.
आधी तो हसला, मग मी,
मग दोघांना खोकला सुटला.
भाकरी तिघांत खाल्ली.

घर होतं.
तो मागच्या अंगानं आलेला,
भिंतीपासून पाच हातांवर थांबलेला.
तिथं मोरीचं पाणी जातं.
अळू, एक वाकडी पपई, बारा महिने चिखल.
दिवाळीपासून दिनकरच्या मागे लागले होते,
खड्डा खण, खडी टाक, डास होतात.
उद्या, म्हणायचा.
अळूची अलीकडची पानं हिरवी,
पलीकडची करपून
उदबत्तीच्या काडीसारखी उभी.

नवश्याकाकाला मोरी नाही.
एकटा माणूस, एक ताट, एक तांब्या,
धुणार किती आणि सांडणार किती.
त्याचं छप्पर गेलं. कोंबड्या डालग्याखालीच राहिल्या.
डालगं त्यानंच झाकलं होतं,
बिबट्या येतो म्हणून.

दुपारी कामावर गेले.
सतराव्या मजल्यावर बाई म्हणाल्या,
"केसांना कसला गं वास?"
चूल, म्हटलं.
खिडकीशी गेले. डोंगर अर्धा काळा,
आणि ताडपत्री लगेच सापडली,
पहिल्यांदाच.

संध्याकाळी नवश्याकाका आमच्याकडे जेवला.
उठून मोरीत बसला, ताट घासू लागला.
एवढंसं ताट, किती वेळ घासत होता.
मी काही बोलले नाही,
शेजारी भरलेली बादली ठेवली.

दिनकर म्हणाला,
"उद्या तो खड्डा खणून टाकतो."
"राहू दे," मी म्हटलं.
खरकटं पाणी उचललं
आणि जरा लांब फेकलं,
काळ्याच्या पलीकडे जाईल इतकं.
गेलं नाही.